तापातली वाट

शेजारच्या खुर्चीतला तरुण हळूहळू एका बाजूला कलतोय, हे दिपमालाच्या लक्षात आलं तेव्हा तो अगदी पडायच्या बेतात होता. तिने झटकन उठून त्याचा दंड धरला — नेमका सुई टोचलेला.

"आई गं..." तो कळवळला.

"सॉरी. पण तुम्ही पडत होता."

"पडत नव्हतो." त्याने डोळे मिटूनच सांगितलं. "जरा... टेकत होतो."

"कशाला? हवेला?"

मास्कच्या वर त्याचे डोळे उघडले. दमलेले, लांब पापण्यांचे, आणि त्या क्षणी चांगलेच ओशाळलेले.

यावलच्या एका शाळेत लसीकरण चालू होतं. लस टोचलेल्यांना अर्धा तास बसवण्यासाठी एक वर्ग रिकामा करून त्यात अंतर ठेवून खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर भुरभुर पाऊस. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, आणि जो तो आपल्याच दंडाकडे असं बघत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. नर्सताई दारातून एकच सांगत फिरत होत्या — ताप येईल, अंग दुखेल, गोळी घ्या, भरपूर पाणी प्या, घाबरू नका.

दिपमालाने पर्समधून पाण्याची बाटली आणि लिमलेटची गोळी काढून दिली. त्याने भिंतीकडे तोंड करून, मास्क खाली ओढून पाणी प्यायलं, पुन्हा मास्क चढवला आणि मगच वळला. त्या दिवसांत सगळेच असे पाठ फिरवून पाणी प्यायचे.

"सुईला घाबरता?"

"सुईला नाही. या वासाला." स्पिरिटच्या बोळ्याकडे त्याने मान हलवली. मग बहुधा स्वतःलाच सावरायला म्हणाला, "ऐकलंत ना, लस घेतली की अंगाला चमचे चिकटतात म्हणे? आमचं भांड्यांचं दुकान आहे. बाबा म्हणाले, चिकटले तर तसाच दारात उभा राहा. मांडणीची जागा वाचेल."

दिपमाला खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी असं हसू आलं होतं. सगळा वर्ग वळून बघायला लागला तशी तिने मान खाली घातली.

"पारस सुरेशचंद," नर्सताईंनी हाक मारली. "झाला तुमचा अर्धा तास."

तो उठला. दोन पावलं गेला, थांबला. "भांडी लागली तर या."

"आणि तुम्हाला पुन्हा टेकावंसं वाटलं तर?"

"तर... शेजारची खुर्ची धरून ठेवा." डोळे हसले. चेहरा काही तिला दिसलाच नाही.

दिपमाला केळीच्या रोपांच्या नर्सरीत कामाला होती. वडील रुपचंद यांची गावाबाहेर केळीची बाग. आई प्रमिलाबाई घर आणि गल्ली दोन्ही सांभाळून असायच्या. त्या आठवड्यात गल्लीत लसीशिवाय दुसरा विषयच नव्हता. कोणाला काय झालं, कोणाला किती झालं — लग्नातल्या पंगतीची चर्चा करावी तशी चवीने चर्चा चालायची. भुसावळहून मावसबहीण कोकिळाचा फोन आला: दिवसभर कोणी मुसळाने कुटल्यासारखं अंग दुखत होतं, दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. रुपचंदभाऊंचा हात दोन दिवस वर जात नव्हता. शेजारच्या तोतारामनानांना काही म्हणता काही झालं नाही, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. माझ्या वाट्याला नुसतं पाणी आलं का काय, असं ते ज्याला त्याला विचारत होते.

दिपमालाला दुसऱ्या दिवशी दुपारी ताप चढला.

जेवणं उरकून घर निजलं होतं. आधी थंडी वाजली, तिने गोधडी ओढून घेतली, दात वाजले, आणि मग — मग ती चालत होती. स्वप्न पडतंय असं वाटलंच नाही. पायाखाली ओली माती होती आणि चपलांना ती चिकटत होती.

दोन्ही बाजूंना केळीची बाग. वर पानांना पानं भिडलेली, त्यामुळे भर दुपारी हिरवा अंधार. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघावं तसा. वारा मुळीच नव्हता. तरी पानं हलत होती. एकेक करून, मागून पुढे... कोणीतरी हात लावत लावत येत असल्यासारखी.

शेजारी तो होता. मास्क नव्हता. खालच्या ओठाखाली, हनुवटीवर, आडवा पांढरट व्रण.

"हे काय झालं?" तिने विचारलं.

"लहानपणी घंगाळावर पडलो होतो. दुकानातल्याच."

जणू रोजच बरोबर चालत असावीत, अशी दोघं बोलत होती. तिने त्याला सांगितलं की धुळ्याचं एक स्थळ आलंय, सगळ्यांना पसंत आहे, मला मात्र जावंसं वाटत नाही. का ते विचारू नका, मलाच माहीत नाही. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. "मग जाऊ नका," तो म्हणाला. इतकं सोपं.

तेव्हा तिला मागचा श्वास ऐकू आला. लांब, ओढून घेतलेला, शेवटी बारीक शीळ वाजणारा. एक श्वास, मग पाऊल. पुन्हा श्वास, पुन्हा पाऊल.

"मागे कोण आहे?"

"मागे बघू नका." त्याचा आवाज एकदम कोरडा झाला. तो भरभर चालायला लागला. "चला. बघू नका."

तिने बघितलं.

पन्नाशीची एक बाई, फुलाफुलांची साडी, डोक्यावरून मारवाडी पद्धतीने घेतलेला पदर. एका हाताने केळीचा बुंधा धरून ती वाकली होती आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कपाळावरची टिकली घामाने तिरकी घसरलेली. तिने दिपमालाकडे रोखून पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. शब्द ऐकू आले, पण अर्थ लागला नाही.

कपाळावर गार पट्टी पडली आणि दिपमाला जागी झाली. प्रमिलाबाई शेजारी बसल्या होत्या.

"कोणासंगं बोलू राह्यली व्हतीस व माय?"

"कोणाशी नाही, आई."

"चांगली हसू राह्यली व्हतीस. मंग एकदम घाबरली."

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. तापात काहीही दिसतं, असं तिने स्वतःला बजावलं. गावातली निम्मी माणसं तापली होती आणि त्यातल्या निम्म्यांना काही ना काही दिसलं असणार.

पुढच्या आठवड्यात कुकरची रिंग गेली. खरं तर अजून दोन-चार दिवस चालली असती. दिपमाला बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली तेव्हा पाऊस थांबला होता आणि दुपार इतकी शांत होती की पागोळ्या ऐकू येत होत्या. गल्ल्यावर पारस एकटाच होता.

तिला बघून तो उभा राहिला. नमस्कार नाही, या नाही. हातात रिंगांचा जुडगा तसाच.

"तुम्ही धुळ्याला गेला नाहीत?"

दिपमालाच्या पाठीतून गार शिरशिरी गेली. "तुम्हाला... कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"कधी?"

त्याने रिंगांचा जुडगा गल्ल्यावर ठेवला.

"केळीत," तो म्हणाला.

मागच्या मांडणीवर स्टीलचे डबे एकावर एक रचलेले होते. प्रत्येक डब्यात दोघंजण वाकडीतिकडी, लांबुळकी होऊन उभी होती. दिपमालाने तिकडून नजर काढून घेतली. त्या डब्यांत दोघांपेक्षा जास्त कोणी दिसू नये, असं तिला फार वाटत होतं.

"मास्क काढा," ती म्हणाली.

"काय?"

"एकदा काढा. मी लांब उभी आहे."

त्याने मास्क हनुवटीखाली ओढला, मग आणखी खाली. खालच्या ओठाखाली आडवा, पांढरट व्रण होता.

"घंगाळ," ती पुटपुटली.

पारस मटकन स्टुलावर बसला. रस्त्यावरून एक म्हैस गेली, तिच्या गळ्यातलं लोढणं खडखडलं, ते लांब जाईपर्यंत दोघं तेच ऐकत राहिली.

"मी परवा नर्सताईंना विचारलं," तो अखेर म्हणाला. "तापात स्वप्नं पडतात का म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, ताप कशानेही येऊ द्या, स्वप्नं पडतातच, गोळी घ्या. दुसऱ्याच्या स्वप्नात जाता येतं का, हे विचारायची हिंमत नाही झाली."

"बरं झालं. तुम्हालाच धरून ठेवलं असतं."

तो हसला, पण हसू टिकलं नाही. पुढे वाकून, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "तुम्ही मागे वळलात. मला दिसलं. कोण होतं?"

ते डोळे बघून तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "कोणी नाही. नुसती बाग."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मान हलवली. रिंग कागदात गुंडाळता गुंडाळता, तिच्याकडे न बघता, तो बोलत राहिला. त्याची आई, गुलाबबाई, एप्रिलमध्ये गेली. जळगावला दवाखान्यात त्यानेच गाडी चालवत नेलं. दारातूनच तिला आत घेतलं आणि याला बाहेर थांबवलं. चौथ्या दिवशी लांबून एक गाठोडं दाखवलं — बांधलेलं, पांढरं, सगळीकडून बंद. चेहरा दाखवा म्हणाला, तर नियम नाही म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

"तेव्हापासून आईचा चेहरा आठवत नाही. फोटो आहेत भिंतीवर, पण ते फोटो आठवतात. ती आठवायला गेलो की ते गाठोडंच समोर येतं. रोज वाटतं, स्वप्नात तरी येईल... आलीच नाही. आणि त्या दुपारी मागून तिचा श्वास ऐकू आला. तोच. शेवटी शीळ वाजायची. मागे बघायची छातीच झाली नाही माझी. वळलो आणि तिथेही ते गाठोडंच असलं तर?"

दिपमालाने कागदाची पुडी घेतली. सांगावं असं ओठांपर्यंत आलं होतं. पण काय सांगणार होती? की तुमची आई तिथेही धापाच टाकत होती? मेल्यावरसुद्धा तिला दम लागतो? ती न बोलता घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही.

त्यानंतर फोन सुरू झाले. कधी रिंग नीट बसली का, कधी पाऊस तिकडे आहे का. दिपमाला नर्सरीतल्या जाळीखाली रोपांच्या रांगांमधून फिरत त्याच्याशी बोलायची.

"तुमच्या नर्सरीत किती रोपं असतात?"

"का, घ्यायची आहेत?"

"नाही. ती तुमचं बोलणं ऐकतात का, म्हणून विचारतोय. मला जळायला नको."

"ऐकतात. पण पुढे सांगत नाहीत."

"मग ठीक आहे. मला तुम्ही आवडता... हे त्यांच्यासमोर बोलायला हरकत नाही."

पायाशी हजारो इवली पानं निश्चल उभी होती.

"पाऊस आला, ठेवते," ती म्हणाली. पाऊस नव्हता.

पण ती गोष्ट तिला सलत होती. तो इतकं मोकळं बोलत होता आणि ती त्याच्या आईला लपवून बसली होती. आणि घरात धुळ्याचं पुढे सरकत होतं. रुपचंदभाऊंनी दिवस ठरवला आणि गाडी करून सगळे धुळ्याला गेले.

मुलगा योगेंद्र, सरकारी नोकरीतला. माणसं मायाळू. दारातच त्याच्या आजीने, सुंदरबाईंनी, दिपमालाचा हात हातात घेऊन घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली. "ये व बेटा. घरमा बठ्ठा बरा शेतस ना? आते हाई तुनंच घर समज."

दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. योगेंद्र सरळ होता, जरा बुजलेला. काय बोलावं ते न सुचून त्याने तेव्हाचा हुकमी प्रश्न विचारला, "लस घेतल्यावर तुम्हाला काही त्रास झाला?"

"ताप आला. एक स्वप्न पडलं."

"मला तर नुसती भूक लागली," तो म्हणाला. "आई म्हणते, मी सहा भाकरी खाल्ल्या. कसलं स्वप्न?"

दिपमाला त्याच्याकडे बघत राहिली. चांगला माणूस होता. त्याला हे स्वप्न कधीच सांगता येणार नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्याला अजून पुरतं सांगितलेलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

"नीट आठवत नाही," ती म्हणाली.

खाली यायला निघाली तेव्हा तो पुढे उतरून गेला होता. जिना अरुंद होता. दोन पायऱ्या उतरली आणि मागून आवाज आला. लांब, ओढून घेतलेला श्वास. मग एक पाऊल. ती थांबली, तर तेही थांबलं. ताप नव्हता. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता, खाली बाबांचं हसणं ऐकू येत होतं, बाहेर फेरीवाला ओरडत होता. सगळं जागेपणातलं. आणि मागे, मानेपासून हातभर अंतरावर, कोणीतरी दम घेत होतं.

तिने कठडा घट्ट धरला. "सांगते," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "सांगते त्यांना. नक्की सांगते."

श्वास हळूहळू विरला. परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडल्यावर तिने वडिलांना सांगितलं की तिला हे लग्न करायचं नाही. रुपचंदभाऊ यावल येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या डोसला पारस तिच्या आधी येऊन बसला होता. शेजारच्या खुर्चीवर त्याने छत्री ठेवून जागा धरली होती. लस टोचून घेऊन ती आली तशी त्याने छत्री उचलली.

"या. आज मी टेकणार नाही."

"टेकाल बहुतेक," दिपमाला म्हणाली. बसली. दंड दाबून धरला. "मी तुमच्याशी खोटं बोलले. मागे कोणी नव्हतं, म्हणाले. होतं."

त्याचे खांदे ताठ झाले.

"गाठोडं नव्हतं. बाई होत्या. फुलांची साडी, डोक्यावर पदर. बुंधा धरून उभ्या होत्या. टिकली तिरकी झाली होती. त्यांना दम लागला होता, पारस. खूप. म्हणून नाही सांगितलं."

नर्सताई दारातून डोकावून गेल्या.

"आणि त्या काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. ऐकू आलं तसं सांगते." तिने डोळे मिटले. "धीरे चाल रे, पारसिया. म्हने सांस चढे है."

पारसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती घाबरली. पण हातांमागून जो आवाज आला तो आधी रडण्याचा नव्हता.

"ती रागावली होती का?" त्याने विचारलं. "भुवया अशा... जवळ आणून?"

"हो. चांगल्याच रागावल्या होत्या."

"मंदिरात जाताना रोज तेच. मी पुढे, ती मागे. रस्त्यात सगळ्यांसमोर ओरडायची — हळू चाल, मला दम लागतो. दम तिला नेहमीचाच होता, कोरोनाच्या आधीपासून." त्याचे डोळे भरून वाहत होते आणि तो हसत होता. "पारसिया तीच म्हणायची. बाबासुद्धा नाही म्हणत. अशी दिसायची ती. अशीच. दिसली मला... आत्ता दिसली."

मग तो खरोखर रडला, मास्क ओला होईपर्यंत. दिपमालाने सगळ्या वर्गादेखत त्याचा हात हातात घेतला. लोकांना वाटलं, सुई दुखली असेल.

"आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' झाल्याचं दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

"भीती वाटली."

"तिची?"

"तुझी. तू अजून दुखावशील याची."

निघताना तो दारात घुटमळला. "आज ताप येईल. उद्या दुपारी. ती येईल परत, आणि या वेळी मी वळून बघणार." एसटीची वाट बघावी तसा तो तापाची वाट बघत होता. दिपमालाला त्याच्या त्या आशेचीच धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. तिलाही थोडी कणकण होती. ती गोळी घेऊन पडली होती.

"ताप आला होता," पारसचा आवाज खोल गेलेला. "चांगला एकशे दोन. झोपलो. उठलो."

"मग?"

"कोणी नाही आलं. स्वप्नच पडलं नाही. नुसता ताप." त्याने कूस बदलल्याचं ऐकू आलं. "दिपा, आता ती येणार नाही, नाही का?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. ढगाळ, ओलसर, कोणी नसलेली दुपार.

"मी येते," ती म्हणाली.

"अगं, तुला ताप—"

"असू दे. आलेच."

प्रमिलाबाई ओट्यावर दाणे निवडत होत्या. लेकीने डब्यात मुगाची खिचडी भरली, पायात चपला घातल्या. "कुठी चालली?" त्यांनी विचारलं. "पारसला ताप आहे, आई. बघून येते," दिपमालाने सांगितलं. कोण पारस, हे त्यांनी विचारलं नाही. आयांना ते विचारावं लागत नाही. "तुह्यंच आंग तापलं हाये," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या.

बाजाराच्या रस्त्याला लागली आणि तो श्वास मागे आला.

या वेळी दिपमाला दचकली नाही. अंगावर काटा आला, पण पाय थांबले नाहीत. तिने फक्त चाल कमी केली. अगदी सावकाश, म्हाताऱ्या माणसाला सोबत करावी तशी, ती भर बाजारातून चालत राहिली. किराणावाल्याने पाहिलं, कापडवाल्याने पाहिलं, तोतारामनाना पानटपरीवरून बघतच राहिले. मागचा श्वास हळूहळू उतरत गेला. शीळ थांबली. मग तो इतका शांत झाला की आहे की नाही कळेना. भांड्यांच्या दुकानाशी आली तेव्हा रस्त्यात तिच्या एकटीचीच पावलं वाजत होती. तिने वळून पाहिलं नाही. तिला एकाएकी फार एकटं वाटलं, आणि मग मोकळं.

दुकान बंद होतं. वरच्या मजल्याचं दार पारसच्या वडिलांनी, सुरेशचंदांनी उघडलं. बंडी, चार दिवसांची वाढलेली दाढी, खांद्यावर ओला नॅपकिन. मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत असावेत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"रुपचंदभाऊंची मुलगी ना?"

"हो काका."

"त्यांना माहीत आहे, तू इकडे आलीस ते?"

"आईला माहीत आहे. त्यांना आज कळेल."

ते काही वेळ दार धरून उभे राहिले. आत जावं की परत फिरावं, हे तिला कळेना. "एप्रिलपासून या घरात कोणी आलं नाही," ते अखेर म्हणाले. "आधी लोक रोगाला घाबरायचे, मग आम्हाला काय बोलावं याला घाबरायला लागले. ये."

पारस खाटेवर उठून बसला होता. केस विस्कटलेले, मास्क नव्हता. दिवसाउजेडी, शुद्धीत, इतक्या जवळून तिने त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला, आणि तो तापात दिसला होता त्यापेक्षा साधा निघाला. तिला तो साधाच जास्त आवडला.

"चालत आलीस?"

"हो."

"बाजारातून? सगळ्यांनी पाहिलं असेल."

"बघू दे." तिने डब्याचं झाकण काढलं. "तुझ्या आई आल्या होत्या बरोबर. दारापर्यंत."

तो तिच्याकडे बघत राहिला. खरं का, असं विचारणार होता, विचारलं नाही.

"दमल्या होत्या?"

"आधी. मग नाही."

सुरेशचंद ताट-वाट्या घेऊन आले होते ते दारातच थबकले. त्यांनी काय ऐकलं, किती समजलं, कोण जाणे. त्यांनी ताट खाली ठेवलं, भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि नॅपकिन डोळ्यांना लावला.

"मला धुळ्याला नव्हतं जायचं," दिपमाला पारसला म्हणाली, खिचडी वाढता वाढता, त्याच्या वडिलांसमोरच. "का, ते तेव्हा कळत नव्हतं. आता कळलं. बोलू का?"

"बोल."

"मला इथे यायचं होतं."

पारसने तिच्या हातातून वाटी घेतली. वाटी गरम होती, तिचा हातही गरम होता, त्याचाही.

पुढे सोपं झालं असं नाही. आपल्यातले नाहीत ते, असं दोन्ही घरांत म्हटलं गेलं; रुपचंदभाऊ सात-आठ महिने लेकीशी कामापुरतंच बोलले. पण त्या दुपारी तेवढं पुढचं कोणाला सुचत नव्हतं. दोघांनाही ताप होता. सुरेशचंदांनी एक गोळी मुलाला दिली, एक तिला दिली, आणि दोघांनी ती घेतली की नाही ते नीट बघितलं. मग ते खिडकीशी गेले आणि खाली रस्त्यावर जमलेल्या चार-दोन माणसांना मोठ्याने म्हणाले, "पाव्हणी आली आहे आमच्याकडे. काही हवंय का?"